ट्रान्सममध्ये भोकं पाडून रेझिन सोडायचा विचार असेल तर आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला, कारण शब्दन् शब्द माझाच. बोट तीसेक वर्षं जुनी, मागे बाहेरून लटकवलेली एकच मोटर (आउटबोर्ड), ट्रान्समच्या, म्हणजे ती मोटर जिच्यावर लटकते त्या मागच्या भिंतीच्या, वरच्या कोपऱ्यांत केसाएवढे तडे, आणि पाण्याबाहेर काढली की दोन-तीन दिवस मोटरच्या खालच्या बोल्टातून तपकिरी पाणी ठिबकतंय. तुम्ही विचारलंय की आतून बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी (दोन भाग कालवले की घट्ट होणारं रेझिन) सोडलं तर भागेल का. नाही भागणार. मी नेमकं तेच केलं होतं. का भागत नाही ते जरा सविस्तर लिहितो. आधीच सांगतो की मी बोटी बांधणारा कारागीर नाही, आपल्या एका बोटीवर हात खराब केलेला माणूस आहे, त्यामुळे तुमच्याकडे कोणी खरा जाणकार असेल तर माझ्याआधी त्याचं ऐका.

बोट चांगली टेकवा, मोटरची बॅटरी काढा वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला कळतंच.

ते तपकिरी पाणी म्हणजे प्लायवूडचा काढा आहे. फायबरग्लास कुजत नाही हे खरं, १९५०-६० च्या दशकातल्या कित्येक बोटी आजही तरंगतायत, पण ट्रान्सम म्हणजे नुसतं फायबरग्लास नव्हे. आत साधारण दीड इंच जाडीचं लाकूड आणि दोन्ही बाजूंनी काचेचं कातडं. लाकडात पाणी शिरतं ते मोटरच्या मोठ्या बोल्टांतून कमी आणि लोक विसरतात त्या भोकांतून जास्त: तळाच्या ड्रेन प्लगची (पाणी काढायच्या बुचाची) नळी, शिडीचे स्क्रू, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फिश फाइंडरच्या (मासे शोधायच्या यंत्राच्या) सेन्सरचे ते दोन टिचभर स्क्रू, जे कोणीतरी कधीतरी सीलंट न लावताच पिळलेले असतात. पाणी आत गेलं की बाहेर यायला वाट नाही, बुरशीची चंगळ.

आता माझी चूक. तडे दिसले तेव्हा मी विम्यासाठी तपासणी करून घेतली. तपासायला आलेले गृहस्थ वीस मिनिटांत आटोपले, ओल मोजायचा मॉइश्चर मीटर बाहेरून रंगावरच दोन ठिकाणी टेकवला आणि लिहून दिलं, सर्वसाधारण स्थिती समाधानकारक. मला तेच ऐकायचं होतं म्हणून मीही जास्त विचारलं नाही. मग आतल्या कातड्यात ओळीने साठेक भोकं पाडली, आठवडाभर हीटर लावला, भोकांपाशी बोट लावून बघितलं तर कोरडं लागलं, आणि सिरिंजने पातळ इपॉक्सी भरत सुटलो. भरताना इतकं समाधान वाटतं म्हणून सांगू, भोक रेझिन पितंय, पितंय, आणि आपल्याला वाटतं लाकूड भरतंय. वरून लांबी भरली, घासलं, रंग मारला. फोटो काढून मित्रांना पाठवले होते, ते अजून चिडवतात.

दोन सीझन बरे गेले. तिसऱ्या सीझनला ट्रेलरवरून नेताना खड्ड्यात चाक गेलं आणि मागे बघतो तर मोटर मान डोलावतेय. दीडशे किलोच्या वरची मोटर, तिच्या वजनाची सगळी ओढ ट्रान्समवर. आतलं कातडं कापून बघितलं तेव्हा कळलं काय झालंय ते. रेझिन प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढं गोल जमलं होतं आणि मधलं सगळं लाकूड काळं, चहाच्या चोथ्यासारखं, दाबलं की पाणी. ओल्या लाकडात रेझिन शिरूच शकत नाही, तिथली जागा पाण्याने आधीच घेतलेली असते. भोकाशी लागलेला कोरडेपणा भोकापुरताच होता. आणि साठ भोकं वरून बंद करून उरलेलं पाणी मीच आत कोंडलं होतं.

पण खरा फटका पुढेच. नुसतं कुजलेलं प्लाय असतं तर पटाशीने, काही ठिकाणी नुसत्या हाताने निघालं असतं. माझ्या इपॉक्सीचे ते साठ खुंटे मात्र बाहेरच्या कातड्याला असे चिकटले होते की खरवडताना दोन ठिकाणी बाहेरचं कातडंच फाटून आलं. म्हणजे जे काम आतून व्हायचं ते आतून आणि बाहेरून झालं, जेलकोटसकट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर). मुळातच उघडलं असतं तर जेवढा खर्च आला असता त्याच्या दुप्पट आणि वेळ तिप्पट.

विमावाल्यांकडे गेलो. तीन महिने फोन, हे पत्र आणा, ते फोटो आणा, एकाच फोटोची तीनदा मागणी, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी सगळी कथा पहिल्यापासून. शेवटी दोन ओळींचं पत्र आलं की हे हळूहळू झालेलं नुकसान आहे, पॉलिसीत बसत नाही. बरं, नियम तसा आहेच, बहुतेक पॉलिसीत झीज आणि कुजणं वगळलेलंच असतं, ते मी वाचायला हवं होतं हे मान्य. पण मग हप्ता घेताना जो तपासणीचा कागद चालला, त्यात 'समाधानकारक' लिहिलं होतं त्याचं काय, याचं उत्तर आजतागायत नाही. जाऊ दे. रक्तदाब वाढतो.

तर तुमच्यासाठी: मीटरच्या भरवशावर राहू नका. मीटर वाईट नसतो, पण रंगात धातू असला, मागे पाण्याची टाकी किंवा बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) पाणी असलं तर काहीही दाखवतो. त्यापेक्षा प्लॅस्टिकच्या हातोडीने सगळा ट्रान्सम ठोकत जा, टणक आवाज आणि भद्द आवाज यातला फरक लहान मुलालाही कळतो. मग मोटर वर उचलून तिच्या खालच्या भागावर अंगाचा भार द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड हलली तर विषय संपला. नाही हलली तर आतल्या बाजूने, खाली तळाजवळ, बारीक बिटने एक भोक पाडा, बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा नाहीतर बाहेरचं कातडं पार कराल. भुसा फिकट आणि सुका आला तर नशीबवान आहात. काळा, ओला, वासाचा आला तर उघडायचंच.

कुजलेलं लाकूड सुकवून परत चांगलं होत नाही हे एकदा मनाशी पक्कं करा. नुसतं ओलं पण टणक असेल तर उघडं ठेवून सुकवता येतं, त्याला काही महिने लागू शकतात, आठवडा नाही.

उघडायचं ठरलं तर मी म्हणेन आतून उघडा, बाहेरचं कातडं साच्यासारखं शाबूत राहतं. कडेला दोन-तीन इंच आतलं कातडं सोडून मल्टीटूलने कापा. जुनं लाकूड काढायच्या आधी मोटरच्या भोकांची, कडेच्या उताराची, ट्रान्समच्या जाडीची मापं लिहून ठेवा, नंतर काही आठवत नाही. पुठ्ठ्याचा साचा करा. प्लाय मरीन ग्रेडचंच, बीएस १०८८ चा (मरीन प्लायच्या ब्रिटिश मानकाचा) शिक्का असलेलं, १८ मिलिमीटरचे दोन थर. फर्निचरचं वॉटरप्रूफ प्लाय चालतं असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील, त्यात डिंक वॉटरप्रूफ असतो पण आतल्या पापुद्र्यांत पोकळ्या असतात, पाणी त्यातूनच पळतं. कडा तर दोन-तीनदा रेझिन पाजून बंद करा, प्लाय कडेनेच पाणी पितं.

चिकटवताना आधी दोन्ही बाजूंना साधं पातळ इपॉक्सी, मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं. क्लॅम्प जिवाच्या आकांताने आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि जोड कोरडा राहतो, कडेने एकसारखं थोडं बाहेर आलं की बास. कोपऱ्यात त्याच घट्ट मिश्रणाची गोलाई करा, काचेचं कापड काटकोनात वळत नाही, खाली हवा धरतं. मग १७०८ सारखं बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांत धागे असलेलं) काचेचं कापड, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे नेऊन बोटीच्या बाजूंवर चढवा. जुन्या कातड्याला जोडताना एकास बारा उतार घासा, म्हणजे कातडं ६ मिलिमीटरचं असेल तर ७२ मिलिमीटर. हे घासणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं.

इपॉक्सी की पॉलिएस्टर रेझिन यावर भांडणं होतात. माझं मत, दुरुस्तीला इपॉक्सी. बोट पॉलिएस्टरची असली तरी जुन्या घट्ट झालेल्या कातड्याला नवीन पॉलिएस्टर फक्त घासलेल्या ओरखड्यांत पकड घेतं, इपॉक्सी जास्त चांगलं धरतं. पण मग साधी चॉप्ड मॅट (काचेच्या तुकड्यांची चटई) वापरू नका, तिचे तुकडे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. शिवलेली मॅट घ्या. आणि इपॉक्सी घट्ट झाल्यावर वर मेणासारखा चिकट थर येऊ शकतो, तो आधी पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग पॉलिश पेपर. उलटं केलंत तर तो थर पेपरने आतच चोळला जातो आणि पुढचा रंग सोलून निघतो. इपॉक्सीवर जेलकोट नीट बसेल याची मी खात्री देत नाही, मी दोन भागांचा पॉलीयुरेथेन रंग मारला आणि तो टिकलाय.

हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतं हे पॉलिएस्टरमध्ये एका मर्यादेत खरं आहे, तिथे एमईकेपी (पॉलिएस्टरचा हार्डनर) साधारण एक ते दोन टक्के असतं. इपॉक्सीत अजिबात खरं नाही, प्रमाण चुकलं की कायमचं चिकट. आणि डबाभर एकदम कालवू नका, खोल डब्यात ते आपलंच तापतं, धूर काढतं, प्लॅस्टिकचा डबा वितळतो. पसरट ट्रेमध्ये ओता. एमईकेपी डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, चष्मा म्हणजे चष्मा. घासताना सर्दीचा कापडी मास्क नाही, फिल्टरवाला रेस्पिरेटर, आणि तळाचा जुना रंग कोरडा घासू नका, त्यात तांबं असतं. अंगाला काच टोचायला लागली तर गरम पाण्याने अंघोळ करू नका, गारच. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वरून ओतायचे रेडीमेड मिश्रणही मिळतात, ट्रान्समची वरची टोपी काढून लाकूड वरूनच कोरून काढायचं आणि पोकळीत ओतायचं. मी वापरलेलं नाही, पण तुमची टोपी सहज निघत असेल तर विचार करा. त्यातही आतलं सगळं लाकूड निघायला हवं, थोडं राहिलं तर परत माझ्यासारखंच.

शेवटी भोकं. प्रत्येक बोल्टाचं भोक आधी मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायचं आणि सुकल्यावर मधोमध खऱ्या मापाचं पाडायचं, म्हणजे सीलंट उद्या गेलं तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. सीलंट पॉलीसल्फाइड किंवा पॉलीयुरेथेन. सिलिकॉन कुठेही लावू नका, त्याचा अंश राहिला की त्यावर नंतर ना रंग बसत ना दुसरं सीलंट. सेन्सर तर मी आता थेट स्क्रूने लावतच नाही, प्लॅस्टिकची एक पट्टी इपॉक्सीने चिकटवली आणि स्क्रू त्या पट्टीत.

आणि मागच्या भागात फ्लोअरखाली फोम असेल तर तोही एकदा कोचून बघा. ट्रान्सम इतका ओला असताना तो कोरडा असण्याची शक्यता कमीच, आणि भिजलेला फोम किती वजन धरतो ते उचलल्याशिवाय खरं वाटत नाही. माझी बोट मागून खाली का बसायची हे मला फोम काढल्यावर कळलं, तोपर्यंत मी मोटरलाच दोष देत होतो.

भोक पाडलंत की भुसा कसा निघाला ते लिहा, जमलं तर फोटो टाका. आणि तोवर बोट पाण्यात घालू नका, निदान ती मोटर लटकवून तरी नकोच.