ॲम्प मुरतो की झिजतो?

या वेळी गिटारच्या जुन्या ॲम्पबद्दलचे (ॲम्प्लिफायरबद्दलचे) प्रश्न इतके आले की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझा ट्यूब ॲम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) दहा वर्षांचा झाला. घेतला तेव्हा आवाज टोचायचा, आता गोल आणि मऊ वाटतो. ॲम्प खरंच मुरतो, की हा माझाच भ्रम?

उत्तर : ॲम्पमधली एकच वस्तू मुरते, ती म्हणजे स्पीकर. बाकीचं झिजतं, वाळतं, नाहीतर आहे तसंच राहतं.

नव्या स्पीकरचा कागदी कोन दोन जागी तोललेला असतो : बाहेरच्या कडेची घडी आणि मागची स्पायडर नावाची नालीदार कापडी चकती. ही चकती राळ लावून कडक केलेली असते. वाजवून वाजवून दोन्ही जागा वाकायला सरावतात आणि कोन मोकळा हलू लागतो. स्पीकरच्या अनुनादाची वारंवारता काही हर्ट्झ खाली येते, खर्ज भरतो, वरचा टोचरेपणा उतरतो. यातला मोठा फरक पहिल्या दहा-वीस तासांतच पडून जातो, पुढचा किरकोळ असतो. स्पीकर लवकर मोकळा करायचा असेल तर क्लीन आवाज, मानेकडचा पिकअप, चढवलेला बास आणि मध्यम व्हॉल्यूमवर जाड कॉर्ड, एवढं पुरतं. डिस्टॉर्शन लावून तासन्‌तास बडवण्यात अर्थ नाही. त्यात कोन कमी हलतो आणि व्हॉइस कॉइल मात्र तापते.

ट्यूबचं उलट आहे. पॉवर ट्यूब म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या ट्यूब. त्यांच्या कॅथोडवरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावरचा, लेप वापरागणिक इलेक्ट्रॉन कमी सोडू लागतो. आवाजाची धार बोथट होते, खर्ज ढिला पडतो, ताकद उतरते. हे इतकं हळू घडतं की रोज वाजवणाऱ्याचा कान त्याच्यासोबतच सरकत जातो. नियमित वाजवणाऱ्याच्या ॲम्पमध्ये ईएल३४ किंवा ६एल६ या पॉवर ट्यूब साधारण एक ते तीन वर्षं टिकतात. प्रीॲम्पमधली, म्हणजे गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातली, १२एएक्स७ ट्यूब मात्र दहा वर्षंही सहज जाते. तेव्हा आमचा पहिला प्रश्न हा की पॉवर ट्यूब शेवटच्या कधी बदलल्या? कधीच नसतील तर तुम्हाला आवडणारा मऊपणा निम्मा स्पीकरचा आणि निम्मा थकलेल्या ट्यूबचा असू शकतो.

नवी जुळवलेली जोडी लावून पाहा, पण बायस, म्हणजे सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं व्होल्टेज, नव्याने बसवल्याशिवाय निकाल देऊ नका. ज्या ॲम्पमध्ये बायस बदलण्याची सोय असते, त्यात ट्यूबच्या कमाल प्लेट डिसिपेशनच्या (प्लेटला सोसवणाऱ्या उष्णतेच्या मर्यादेच्या) ७० टक्क्यांपर्यंत राहण्याचा रिवाज आहे. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॉट, त्याचे ७० टक्के २१ वॉट. प्लेटवर ४२० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४२०, म्हणजे एका ट्यूबला ५० मिलिॲम्पिअर. कॅथोड आणि जमीन, म्हणजे सर्किटचा शून्य व्होल्टचा बिंदू, यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितकेच मिलिॲम्पिअर समजायचे.

राहता राहिला रेझिस्टर. जुन्या ॲम्पमधले कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरचा रोध दमटपणाने आणि उष्णतेने वर सरकतो. १०० किलोओहमचा प्लेट रेझिस्टर काही दशकांनी १२०-१३० झालेला आढळतो. त्याने गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) किंचित वाढतो, ट्यूबमधून वाहणारा करंट कमी होतो, आणि एखाद्या कानाला हा बदल आवडूही शकतो. पण सोबत खरखर आणि फुसफुसही येते. तुमचा ॲम्प दहाच वर्षांचा आहे. त्यात बहुधा फिल्म रेझिस्टर असतील आणि ते जागचे हललेले नसतील.

‘जुने ॲम्प आजच्यापेक्षा चांगले वाजतात’ या समजुतीमागे आणखी एक गोष्ट आहे. त्या काळी रेझिस्टर-कपॅसिटरसारख्या भागांचं विद्युत मूल्य १० ते २० टक्के इकडेतिकडे असणं चालायचं, त्यामुळे एकाच वर्षाचे, एकाच मॉडेलचे दोन ॲम्प मुळातच वेगळे वाजत. भाग बदलले की आवाज किती बदलतो हे मार्शलच्या जेटीएम४५ वरून कळतं. १९६२ चा हा ॲम्प फेंडर कंपनीच्या बासमन ॲम्पच्या सर्किटवरूनच बेतलेला होता. ट्रान्सफॉर्मर, ट्यूब आणि स्पीकर वेगळे पडले आणि स्वभावच पालटला. जो ॲम्प जन्मतःच छान वाजला तो लोकांनी जपला, जो बरा नव्हता त्याचे भाग काढून दुसऱ्यात गेले. आज समोर येतात ते जपलेलेच.

प्रश्न : आवाज बदलला की नाही, हे खात्रीने कसं ठरवायचं?

उत्तर : आठवणीवर विसंबू नका. डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल ॲम्पशिवाय थेट रेकॉर्डिंगला देणाऱ्या डबीतून) गिटारचा कोरा आवाज दोन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा : सुट्या तारा, क्लीन कॉर्ड, वरच्या फ्रेटवर जोरात मारलेले एकेरी स्वर. दरवेळी हेच रेकॉर्डिंग रीॲम्प बॉक्समधून (रेकॉर्डिंगचा सिग्नल पुन्हा गिटारसारखा करणाऱ्या डबीतून) ॲम्पला द्यायचं. म्हणजे हात, तारा आणि पिक यांच्यामुळे पडणारा फरक बाहेर राहतो. ऑडिओ इंटरफेसचं आउटपुट थेट ॲम्पच्या इनपुटला जोडू नका; पातळी आणि इंपिडन्स दोन्ही चुकतात.

नॉबच्या जागांचा फोटो काढा. माइक जाळीपासून ५ सेंटिमीटरवर, मधली टोपी आणि कोनाची कड यांच्या अधेमध्ये ठेवा आणि ती जागा चिकटपट्टीने नक्की करा. माइक सेंटिमीटरभर सरकला तरी दहा वर्षांच्या झिजेहून मोठा फरक ऐकू येतो. ॲम्प आधी अर्धा तास तापू द्या. भिंतीतला व्होल्टेजही लिहून ठेवा : २३० च्या जागी २४० आले तर ट्यूबचे कॅथोड तापवणारे ६.३ व्होल्टचे हीटर ६.६ च्या आसपास जातात आणि बाकीचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतात. ऐकताना दोन्ही रेकॉर्डिंगची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा, नाहीतर जे किंचित मोठं तेच ‘चांगलं’ वाटणार.

प्रश्न : साधारण ४५ वर्षांपूर्वीचा ट्यूब ॲम्प हाती आला आहे. पंधरा वर्षं बंद होता. कपॅसिटर बदलले तर जुना आवाज जाईल असं सांगतात. आहे तसा सुरू करून पाहू का?

उत्तर : नको. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर विजेला अडवून धरतो. वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्याने तो थर विरतो, आतलं द्रवही वाळलेलं असतं. अशा कपॅसिटरवर एकदम ४५० व्होल्ट गेले की करंट गळतो, तो तापतो, फुगतो, कधी फुटतो, आणि जाताना रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या भागाला), वेळप्रसंगी पॉवर ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो. तो ट्रान्सफॉर्मर वाचवणं हेच खरं काम आहे, कारण त्याच्यासारखा दुसरा मिळणं कठीण.

‘जुना आवाज’ असतो सर्किटमध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि स्पीकरमध्ये. फिल्टर कपॅसिटर, म्हणजे डीसी पुरवठा सपाट करणारे मोठे इलेक्ट्रोलायटिक, सायकलच्या टायरसारखे : पंधरा-वीस वर्षांनी बदलायचेच. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून पॉवर ट्यूबच्या बुडाशी बसलेले आधी जातात. नवे १०५ अंशांचे घ्या, व्होल्टेज मूळचं किंवा त्याहून जास्त, मूल्य मूळच्या जवळचं; २० मायक्रोफॅरडच्या जागी २२ चालतो.

आवाज जाण्याची भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगायला हवं. बदलतोच आहोत तर मोठा घालू, म्हणून २० च्या जागी १०० घातला की जोरात वाजवल्यावर व्होल्टेज दबायचं कमी होतं आणि बोटांखाली जाणवणारी लवचीक ओढ नाहीशी होते. ट्यूब रेक्टिफायर असेल तर तोही जळू शकतो : जीझेड३४ या रेक्टिफायर ट्यूबला पहिला कपॅसिटर जास्तीत जास्त ६० मायक्रोफॅरडचा चालतो.

लहान इलेक्ट्रोलायटिक विसरू नका. कॅथोडवरचे २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे वाळले की खर्ज आणि गेन दोन्ही उतरतात. बायस पुरवठ्यातला तर आवर्जून बदला. तो गेला की ऋण व्होल्टेज जातं आणि पॉवर ट्यूबच्या प्लेट लालबुंद होतात. तिथे कपॅसिटरची धन बाजू जमिनीला जाते, ऋण नव्हे. सवयीने उलटा डाग दिलेले बरेच दिसतात.

कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढच्या ट्यूबकडे सोडणारे) मात्र सरसकट उपटू नका, आधी तपासा. आधी पॉवर ट्यूब काढा, मग ॲम्प चालू करून ग्रिडच्या (ट्यूबला सिग्नल मिळतो त्या) पिनवर डीसी मोजा : ६एल६, ६व्ही६, ईएल३४ ला पिन ५, ईएल८४ ला पिन २. कॅथोड बायसच्या (कॅथोडच्या रेझिस्टरनेच बायस बसणाऱ्या) ॲम्पमध्ये तिथे शून्य हवं. अर्धा व्होल्ट दिसला तरी तो गळतो आहे. फिक्स्ड बायस (वेगळ्या पुरवठ्यातून येणारा) असेल तर बायस पुरवठ्याचंच ऋण व्होल्टेज तिथे दिसायला हवं. साफ करूनही व्हॉल्यूमचा पॉट खरखरत असेल तर कारण बहुधा हीच गळती. पॉट बिचारा निर्दोष असतो.

आता हात घालण्यापूर्वीचं. प्लग काढल्यावरही आत ४००-५०० व्होल्ट साठलेले असू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. प्लग काढा, स्टँडबायचा (ट्यूब गरम ठेवून ॲम्प थांबवणारा) खटका ‘प्ले’च्या बाजूला ठेवा, नाहीतर पहिले कपॅसिटर वेगळे पडून भरलेलेच राहतील. दोन टोकांना चिमटे असलेल्या तारेचा एक चिमटा आधी चेसिसला, मग दुसरा पहिल्या १२एएक्स७ च्या पिन १ ला लावा. तिथला १०० किलोओहमचा रेझिस्टर साठा सावकाश रिकामा करतो. १०० मायक्रोफॅरडला जवळजवळ एक मिनिट लागतं. मग प्रत्येक फिल्टर कपॅसिटरवर मीटर लावून एका व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. तार कुठे तुटलेली असली तर ही युक्ती फसते, म्हणून मीटरशिवाय विश्वास नाही. चालू ॲम्पमध्ये मोजताना मीटरचा काळा चिमटा चेसिसला अडकवून दुसरा हात खिशात. हे आधी केलेलं नसेल तर ॲम्प सरळ जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या.

भाग बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना ॲम्पच्या मार्गात जुन्या पद्धतीचा फिलामेंटचा बल्ब मालिकेत जोडा : लहान ॲम्पला ६० वॉट, पन्नास वॉटच्या ॲम्पला १०० वॉट. एलईडीचा बल्ब इथे कामाचा नाही. आधी ट्यूब काढून, मग लावून, स्पीकर जोडलेला ठेवून. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. उजळलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

स्पीकर तपासायला मीटरही पुरतो. ८ ओहमच्या स्पीकरवर डीसी रोध ६ ते ७ दिसायला हवा. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर सारख्या अंतरावर ठेवून हलकेच आत ढकला. खरवडल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासते आहे. कोन नुसता सुकून कडेला चिरला असेल तर पातळ कागद आणि लवचीक गोंदाने सांधता येतो.

प्रश्न : ॲम्पमधून घुंईऽऽ आवाज येतो. कपॅसिटर गेलेत, की आणखी काही?

उत्तर : गिटारच्या कानानेच ओळखा. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे फिल्टर कपॅसिटर थकले की १०० हर्ट्झची गुणगुण येते. सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा जी हा स्वर ९८ हर्ट्झचा. गुणगुण त्याहून किंचित चढी लागली तर फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्या. तिच्या एक सप्तक खालची, ५० हर्ट्झची असेल तर हीटरच्या तारा, जमिनीचा लूप किंवा केबल. ६० हर्ट्झच्या विजेवर हाच हिशेब पाचव्या तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटच्या बी या स्वराशी लावायचा. १२० हर्ट्झ त्याच्या थोडे खाली पडतात.

दुसरी खूण भुताच्या स्वराची. वरच्या फ्रेटवर ४४० हर्ट्झचा ए जोरात मारला की ३४० आणि ५४० चे पुसट स्वर मागे येतात, सुराशी न जुळणारे. काही जण याला ‘जुन्या ॲम्पचा पोत’ म्हणतात. तो पोत नव्हे, गुणगुण स्वरात मिसळलेली आहे.

प्रश्न : ट्रान्झिस्टर ॲम्पही मुरतो का?

उत्तर : स्पीकर मुरतो तितकाच. ट्रान्झिस्टर मर्यादेत चालवला तर दशकानुदशकं तसाच राहतो. त्यातले इलेक्ट्रोलायटिक मात्र वाळतात, आणि इफेक्ट लूपच्या (बाहेरचे इफेक्ट जोडायच्या सेंड-रिटर्नच्या) जॅकमधला आतला संपर्क काळवंडतो. आवाज अधूनमधून गायब होत असेल तर सेंडपासून रिटर्नला एक छोटी केबल लावून पाहा. आवाज परत आला तर दोष त्या जॅकचा. काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा घाला-काढा.

प्रश्न : नवा ॲम्प आणला की शंभर तास नुसता चालू ठेवावा, म्हणजे ‘बसतो’, हे खरं का?

उत्तर : नाही. सिग्नलशिवाय स्पीकर हलत नाही आणि पॉवर ट्यूबचं आयुष्य मात्र खर्च होतं. पहिले दोन दिवस ट्यूबवर लक्ष ठेवलेलं बरं. सदोष ट्यूब बहुधा तेव्हाच उघडी पडते. काचेच्या आतल्या भिंतीवर निळी झाक दिसली तर घाबरू नका. प्लेटच्या आत, इलेक्ट्रोडांच्या मध्ये गुलाबी-जांभळा धूसर उजेड भरला तर ट्यूबमध्ये वायू आहे, आणि काचेच्या माथ्यावरचा चंदेरी डाग पांढरा झाला तर हवा शिरली आहे. दोन्हींत ट्यूब बदला.