वाचकांचे प्रश्न : साइटवर माल आहे, पण सापडत नाही

प्रश्न : निपाणीत आमचं शेती अवजारं आणि फवारणी पंपांचं दुकान आहे. वेबसाइटवर सगळा माल आहे, तरी लोक फोन करूनच विचारतात. मेनूत कंपन्यांच्या नावांनी 14 विभाग आहेत. सर्चमध्ये 'कुऱ्हाड' टाकलं तरी काही येत नाही.

उत्तर : हे 14 विभाग तुमच्या खरेदीच्या वहीतले आहेत. पंपाचा वायसर गेलेल्या शेतकऱ्याला कंपनी आठवत नाही, त्याला वायसर हवा असतो. तीस-चाळीस वस्तूंची नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि पाच-सहा गिऱ्हाइकांना वेगवेगळं बसवून त्यांचे गट लावायला सांगा. मदत करू नका. गट झाले की प्रत्येकाला नाव विचारा. बहुतेकांनी जे नाव दिलं, तेच मेनूत घाला. पाच ते सात विभाग पुरतात. नोझल कुणी पंपात ठेवतो, कुणी सुट्या भागांत. अशा वस्तूची लिंक दोन्हीकडे द्या, पान मात्र एकच ठेवा. 'इतर' नावाचा विभाग काढून टाका, त्यात कुणी डोकावत नाही.

मग 'साइट कशी वाटली?' असं विचारू नका. सगळे चांगलीच म्हणतात. '16 लिटरच्या पंपातून पाणी गळतंय, काय लागेल ते शोधा' असं काम द्या आणि पहिलं बोट कुठे पडतं ते पाहा. मेनूतला शब्द प्रश्नात आला तर चाचणी फुकट गेली. दरपत्रक पीडीएफमध्ये असेल तर त्याचं साधं पान करा. पीडीएफ उघडली की मेनू नाहीसा होतो आणि मोबाइलवर अक्षरं ताणत बसावं लागतं.

'कुऱ्हाड'चा घोळ कळफलकाचा आहे. यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो : 'ऱ' आणि हलंत, किंवा साधा 'र', हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे). दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. घाईत 'कुर्हाड' लिहिणारेही असतात. युनिकोड (संगणकात अक्षरं साठवण्याची पद्धत) मधल्या नेहमीच्या एनएफसी रूपांतराने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याच्या रीतीने, हा फरक जात नाही. म्हणून माल नोंदवताना आणि सर्च करताना, दोन्ही वेळी ही तिन्ही रूपं एकाच रूपात आणायला डेव्हलपरला सांगा. 'वायसर–वॉशर', 'नोझल–नॉझल' अशा जोड्यांची यादीही त्याला द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून तपासून घ्या, चित्रात लिहिलेली मात्र पुन्हा टाइप करा. निकाल न मिळालेले शब्द दर आठवड्याला बघत जा. यादीतल्या पुढच्या जोड्या तिथेच मिळतील.

प्रश्न : खानापुरातल्या आमच्या साइटवर मराठी, कन्नड, इंग्रजी आहे. फोन कर्नाटकात दिसला की कन्नड पान आपोआप उघडतं. भाषा बदलली की माणूस मुखपृष्ठावर जातो.

उत्तर : आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) जोडणी कुठली ते अंदाजाने कळतं, माणूस कुठली भाषा वाचतो ते नाही. सीमाभागात तर एकाच घरात दोन भाषा वाचणारे असतात. हा अंदाज बंद करा. वाचकाने एकदा निवडलेली भाषा साइटने लक्षात ठेवावी. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतंत्र पत्ता द्या, आणि भाषा बदलल्यावर त्याच वस्तूचं पान उघडू द्या. पान भाषांतरित नसेल तर तसं सांगून मूळ पान दाखवा. भाषेचं नाव तिच्या स्वतःच्या लिपीत आणि वरच्या कोपऱ्यात असावं. झेंड्याची चित्रं नकोत. देशाचा झेंडा भाषा सांगत नाही, आणि आपल्याकडे इतर झेंड्यांवरून जे वाद होतात ते दुकानाच्या साइटवर कशाला ओढवून घ्यायचं? पानाच्या कोडमध्ये मराठीसाठी 'एमआर' (mr) ही भाषेची खूण हवी. ती नसेल तर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चुकीच्या भाषेचा आवाज निवडू शकतं.

प्रश्न : पहिल्या पानावर फिरती चित्रं ठेवावीत का? (चिकोडी)

उत्तर : नकोत. वाचत असतानाच चित्र सरकतं आणि हवी ती लिंक निसटते. ठेवायचीच असतील तर थांबवायचं बटण द्या. पाच सेकंदांहून जास्त काळ आपोआप हलणाऱ्या मजकुरासाठी सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांतही ते सांगितलं आहे. त्या जागेत दुकानाची वेळ, सुट्टीचा वार आणि बोट लावताच लागणारा फोन नंबर जास्त कामाचा.