३० मीटर रुंदीच्या गोदामात रीच ट्रक, आर्टिक्युलेटेड की व्हीएनए?

प्रश्न थोडक्यात असा: भिवंडीतलं गोदाम, रॅकसाठी रुंदी ३० मीटर, सगळ्यात वरचा बीम (पॅलेट टेकते ती आडवी पट्टी) ७ मीटरवर, पॅलेट १२०० बाय १०००, माल टनभर. सध्या ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, म्हणून गल्ल्या ४ मीटरच्या. जागा वाढवायची तर कोणती गाडी घ्यावी: रीच ट्रक (फाटे पुढे सरकवून माल लावणारी), आर्टिक्युलेटेड (पुढचा भाग वळणारी फोर्कलिफ्ट) की व्हीएनए (व्हेरी नॅरो आइल, म्हणजे अगदी अरुंद गल्लीत न वळता बाजूला माल लावणारी)?

आधी गल्ली कुठून कुठपर्यंत मोजता ते बघा. पॅलेटची १२०० ची बाजू गल्लीकडे धरली तर रॅकची फ्रेम ८०० मिमी खोल असते आणि पॅलेट पुढेमागे १००-१०० मिमी बाहेर येतं. रॅकवाल्याच्या ड्रॉइंगवर ३.१ मीटर दिसलं तरी मालामालात २.९ च उरते. गाडीला लागते ती ही २.९. कॅटलॉगच्या आकड्यात बहुधा २०० मिमी मोकळीक धरलेली असते. ती वेगळी मिळणार आहे असं समजू नका.

आता ३० मीटरचा हिशोब (पाठीला पाठ लावलेल्या पॅलेटांत १०० मिमी फट, गोदामाचे खांब धरलेले नाहीत): ४ मीटरच्या गल्लीत ९ रांगा. रीच ट्रकला २.९ मीटर धरा, १२ रांगा. आर्टिक्युलेटेडला २.१ मीटर, १४ रांगा. व्हीएनएला १.७ मीटर, १५ रांगा. म्हणजे आर्टिक्युलेटेडवरून व्हीएनएवर उडी मारून हाती लागते एक रांग. वर व्हीएनएला गल्लीच्या टोकाला वळायला चार-पाच मीटर सोडावे लागतात, त्यात रांगांची लांबी जाते. डॉकवरून माल आणून द्यायला दुसरी गाडी लागते ती वेगळीच.

व्हीएनएचा खरा खर्च फरशीत आहे. साधा हिशोब करा: दोन चाकांत १.२ मीटर अंतर आणि एका बाजूला ३ मिमी खड्डा, तर ७ मीटरवर मास्ट (फाटे वर नेणारा उभा सांगाडा) साधारण १७ मिमी कलतो. मास्टची स्वतःची लवचीकता धरलेलीच नाही. रीच ट्रक चालवणारा हे सांभाळून घेतो, कारण तो थांबून पॅलेट लावतो. व्हीएनए मात्र रॅकपासून जेमतेम १०० मिमीवरून, रेल किंवा जमिनीतल्या वायरच्या आधाराने पळते. तिथे तो कल थेट अपराइटवर (रॅकच्या उभ्या खांबावर) जातो. जुन्या ट्रायमिक्सवर (पाणी शोषून घट्ट केलेल्या काँक्रीटच्या फरशीवर) व्हीएनए टाकायची असेल तर आधी चाकांच्या वाटेची लेव्हल मोजून घ्या. घासून जमत नसेल तर विषय सोडा.

रीच ट्रकचं दुखणं वेगळं. चाकं लहान आणि पॉलियुरेथेनची, त्यामुळे जॉइंटच्या फुटलेल्या कडा, पॅलेटचे खिळे, स्ट्रॅपिंगची पट्टी यांनी ती चिरतात. जॉइंट एपॉक्सीने भरून घ्या. स्ट्रेच फिल्म अ‍ॅक्सलभोवती गुंडाळून सील फाडते, म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला चाकाखाली बघायची सवय लावा. पावसाळ्यात ओल्या रॅम्पवर ही गाडी नेऊच नका, घसरते. ट्रक रिकामा करायला जुनी डिझेल ठेवा.

ती ठेवायची नसेल तरच आर्टिक्युलेटेडचा विचार करा. ती अंगणात माल उतरवते आणि तशीच गल्लीत शिरते. पण पुढचा भाग वळतो तेव्हा मागचा पार्श्वभाग कुठे जातो हे ऑपरेटरच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, तोवर अपराइटचे गार्ड मार खातात. जवळपास सर्व्हिस आणि सुटे भाग नसतील तर घेऊ नका.

या जागेसाठी माझं मत रीच ट्रकला. कोटेशन मागताना "१.६ टनी" एवढ्यावर समाधान मानू नका. तो आकडा ६०० मिमी लोड सेंटरचा (फाट्याच्या मुळापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर) आणि कमी उंचीचा असतो, वर जाताना क्षमता घटते. ७ मीटरचा बीम, वर उचलायला २०० मिमी, म्हणजे ७.२ मीटरवर किती किलो, ते गाडीच्या क्षमतेच्या प्लेटवर लिहून मागा. मास्ट खाली घेतल्यावरची उंचीही विचारा. या उंचीच्या तीन टप्प्यांच्या मास्टला ती तीन मीटरच्या आसपास येते, आणि शटर तेवढंच असेल तर गाडी दारातच अडकेल.