मासा शेवटी, भाजी आधी

प्रश्न : माशाची तुकडी दरवेळी तव्याला चिकटते आणि उलटताना मोडते. नॉनस्टिक तवा घ्यावा का?

घ्या हवं तर, पण दोष तव्याचा नाही, पाण्याचा आहे. तुकडी ओली असली की तव्याची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते. तोवर वरचा थर 100 अंशांच्या पुढे जात नाही. मासा भाजण्याऐवजी उकडतो. खरपूस पापुद्रा धरल्याशिवाय तो तवा सोडत नाही. म्हणून तुकडी फडक्याने कोरडी टिपा. तवा नीट तापवा, मग तेल, मग मासा, कातडी खाली. पहिले दहा सेकंद कालथ्याने हलकं दाबा, नाहीतर कातडी आक्रसून तुकडी वाकते. नंतर मात्र हात आवरा! हे मला स्वतःलाच फार उशिरा जमलं. कालथा सहज खाली सरकत नसेल, तर उलटायची वेळ झालेली नाही.

प्रश्न : कितीही लक्ष ठेवलं तरी मासा कोरडा होतो. नेमका किती वेळ शिजवायचा?

घड्याळाआधी जाडी बघा. अडीच सेंटिमीटर जाडीला साधारण दहा मिनिटं, हा जुना ठोकताळा. मी सातव्या मिनिटालाच तपासते. सर्वांत जाड भागात काटा घालून हलकेच फिरवा. पाकळ्या सुटल्या आणि आतला काचेसारखा रंग दुधी झाला, की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 63 अंश सेल्सिअस. माशात स्नायूंना बांधणारं कोलॅजन कमी असतं आणि तेही लवकर विरघळतं, त्यामुळे मटणासारखं मऊ होण्याची वाट बघायची नसते. सॅमनवर पांढरा चोथा जमला तर आच जास्त झाली म्हणून समजा. ती नुसती प्रथिनं आहेत, खुशाल खा.

प्रश्न : सकाळीच लिंबू लावून ठेवला तर संध्याकाळी वेळ वाचेल ना?

वेळ वाचेल, मासा बिघडेल. आम्लाने प्रथिनं तव्याआधीच गोठतात आणि तुकडी भुसभुशीत होते. लिंबू पंधरा मिनिटं पुरे. उग्र वास कमी करायला तेवढं बस्स.

प्रश्न : भाजी होईपर्यंत मासा गार होतो. दोन्ही एकदम कसं जमवायचं?

एकदम नाहीच जमवायचं. गाजर, ब्रोकोलीला थोडं तेल-मीठ चोळून 220 अंशांच्या ओव्हनमध्ये एकाच थरात पसरा. ढीग केला तर वाफाळून लिबलिबीत होतात. वीसेक मिनिटं लागतात, त्यातली दहा झाली की तवा तापत ठेवा. ओव्हन नसेल तर फरसबी झाकण ठेवून पाच-सहा मिनिटं वाफवा. लिंबू ताटात वाढल्यावरच पिळा, आम्लाने तिचा हिरवा रंग मळकट होतो.

प्रश्न : गोठवलेला मासा चालतो का?

चालतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. हवाबंद पाकीट असेल तर ते आधी फोडा. हवेविना वाढणाऱ्या जिवाणूंना तिथे वाव मिळतो. ओट्यावर ठेवून वितळवू नका. आणि हो, वितळल्यावर पाणी जास्त सुटतं, तेव्हा फडकं दोनदा फिरवा.