वजन ठीक आहे, मग काळजी कशाची?

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी ताटावर चिमणीएवढं खाते, रात्री मात्र फरसाणाचे डबे, बिस्किटांचे पुडे रिकामे होतात. मग नळ सोडून बराच वेळ बाथरूममध्ये. परवा उलटीचा आवाज आला. विचारलं तर म्हणाली, अ‍ॅसिडिटी. डॉक्टरांनी वजन केलं, ठीक आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. बाथरूमची कडी काढून टाकू का?
– एक आई, सांगली

ताई, कडी राहू द्या. काढलीत तर ती दुसरी जागा शोधेल, एवढंच.

मला बुलिमियाची, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याच्या मानसिक आजाराची शंका येते. पत्रावरून निदान होत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ करतील. पण ‘वजन ठीक आहे’ यावर विसंबू नका. बुलिमियात बहुतेकांचं वजन चारचौघांसारखंच असतं, म्हणून तर तो वर्षानुवर्षं लपतो. तज्ज्ञ विचारतील ते वेगळंच : थोड्या वेळात भरमसाट खाणं, खाताना हात न आवरणं, मग उलटी, जुलाबाच्या गोळ्या किंवा कडकडीत उपास, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, ३ महिने. आपल्याकडे संकष्टीपासून सोमवारपर्यंत उपासांना तोटा नाही, त्यामुळे ताट टाळलेलं कुणाला खटकतही नाही!

ती सज्ञान आहे, तेव्हा तिच्या पाठीमागे काही करू नका. एखाद्या निवांत दुपारी म्हणा, ‘मला आवाज ऐकू आला. मी रागावलेले नाही. डॉक्टरांकडे दोघी जाऊ.’ अन्नाच्या नासाडीचा विषय काढूच नका. डॉक्टरांना मात्र उलट्यांचं स्पष्ट सांगायला हवं. रक्तातलं पोटॅशियम आणि ईसीजी आधी. सतत उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर, धडधड असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हा आजार बरा होऊ शकतो. सीबीटी नावाच्या समुपदेशनाच्या साधारण २० बैठका होतात. सुरुवात वेळेवर जेवण्यापासून, कारण दिवसभराच्या उपाशीपणातूनच रात्रीची खा-खा उसळते. कधी फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषधही देतात. नैराश्यात ते बहुधा २० मिलिग्रॅमने सुरू होतं, बुलिमियात ६०पर्यंत नेतात. तो आकडा पाहून घाबरून गोळी परस्पर बंद करू नका.

घरात कुणी ‘सुटलीस गं’ म्हणत असेल, तर त्यांना तुम्हीच गप्प करा.

तज्ज्ञ कुठे शोधायचे कळत नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि तिला सांगा, उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भर. आम्लाने मऊ पडलेलं दातांवरचं आवरण ब्रशने झिजतं.