बिल, पिशवी, पंचनामा: ग्राहक आयोगातली वकिली

प्रश्न: एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सोलापुरात निव्वळ ग्राहक आयोगाच्या कामावर वकिली चालेल का?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर: सुरुवातीची काही वर्षं निव्वळ त्यावर भागेल असं धरून चालू नका. तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो, वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य, आणि आदेशात खर्चापोटी मिळतात ते बहुधा काही हजार. म्हणून पक्षकार हमखास म्हणतो, ‘वकीलसाहेब, निकाल लागला की त्यातले टक्के घ्या.’ याला सरळ नकार द्या. निकालावर अवलंबून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, आणि रक्कम हाती येईपर्यंत दरखास्तीची, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीच्या अर्जाची, पायरीही चढावी लागते. नोटीस, तक्रार, पुराव्याचं शपथपत्र, युक्तिवाद अशी टप्प्याटप्प्याने फी ठरवा. जोडीला मोटार अपघाताचे दावे आणि विम्याची कामं घ्या. पॉलिसीच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचण्याची सवय तिन्हीकडे उपयोगी पडते.

सनद घेतल्यावर ऑल इंडिया बार परीक्षा चुकत नाही. तोवर आयोगात जाऊन दाखल सुनावण्या, म्हणजे तक्रार दाखल करून घ्यायची की नाही यावरच्या सुनावण्या, ऐका. तक्रार पहिल्याच दिवशी का अडते, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

प्रश्न: सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकरी येतात. कागद काय जमवायचे? कंपनी दरवेळी ‘पेरणीच चुकली’ म्हणते.
– एक ज्युनिअर वकील, बार्शी

उत्तर: आधी कायद्याची बाजू. बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि बियाणे कायदा असला तरी आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात स्पष्ट केलं. प्रयोगशाळेसाठी शेतकऱ्याने थोडं बियाणं राखून ठेवावं, अशी अपेक्षा करता येत नाही, हेही त्यात आलं. त्यामुळे ‘नमुना कुठाय?’ या प्रश्नाने गांगरू नका.

खरी मारामारी पंचनाम्यावर होते. शेतकऱ्याला सांगा, पीक मोडून दुबार पेरणी करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तक्रार निवारण समिती आली की पंचनाम्यात गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख, वाण, लॉट नंबर आणि मीटरभर ओळीत किती रोपं हे आलंच पाहिजे. कंपनीच्या प्रतिनिधीला कळवल्याचा कागदही जोडा. नुसतं ‘उगवण कमी आढळली’ एवढंच लिहिलं असेल तर तो पंचनामा अर्धाच समजा. त्याने नुकसान दिसतं, बियाणं सदोष होतं हे दिसत नाही. कारणाबद्दल समितीचं मत लेखी हवं.

कंपनीचे आक्षेप ठरलेले: बी खोल पडलं, पुरेशा पावसाआधी पेरलं. सोयाबीन 3 ते 5 सेंटिमीटरहून खोल गेलं किंवा 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरलं, तर उगवण खरंच मार खाते. तेव्हा महसूल मंडळातल्या पावसाची नोंद आधी तुम्हीच काढा. आकडा आपल्या विरोधात असेल तर केस घेण्यापूर्वीच कळलेलं बरं. त्याच दिवशी, त्याच रानात दुसऱ्या लॉटचं बी नीट उगवलं असेल, तर यासारखा पुरावा नाही. त्याचे फोटो आणि शेजारच्या शेतकऱ्याचं शपथपत्र घ्या. बियाणे निरीक्षकाने त्या लॉटचा नमुना काढला असेल तर अहवाल माहिती अधिकारात मागवा. सोयाबीनला उगवणीची किमान मर्यादा 70 टक्के आहे.

पिशवी आणि लेबल जपायला सांगा. बिलावरचा लॉट नंबर लेबलाशी जुळवून बघा. एका आकड्याच्या फरकावर अख्खी तक्रार डळमळते. दुकानदार आणि कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे, आणि मधे नोटिसा पाठवत बसल्याने ती वाढत नाही. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज शपथपत्रासह तक्रारीसोबतच द्या.

प्रश्न: दोन यंत्रमाग घेतले, वर्षात बिघडले. विक्रेता म्हणतो, धंद्यासाठी घेतलेत, तुम्ही ग्राहक नाही. खरं का?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर: सरसकट खरं नाही. व्यापारी हेतूची खरेदी कायद्यातून वगळली आहे, पण केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्या ‘व्यापारी हेतू’त धरत नाहीत. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालानुसार हाताखाली एखाद-दुसरा मदतनीस असला म्हणून हा हक्क जात नाही. माग तुम्ही स्वतः चालवता का, घरातले कोण राबतात, दुसरं उत्पन्न आहे का, हे तक्रारीतच लिहून घ्या. ही वाक्यं पहिल्या तक्रारीत नसतात आणि मग युक्तिवादात तोंडी सांगावी लागतात. तोवर उशीर झालेला असतो. दहा-वीस कामगार लावून कारखाना चालवत असाल, तर मात्र विक्रेत्याचं म्हणणं जड जाईल. मग दिवाणी न्यायालयाचा विचार करा.

प्रश्न: दुकानदाराच्या बाजूने लेखी म्हणणं द्यायचं आहे. मुदत किती ताणता येते?
– एक वकील, पंढरपूर

उत्तर: 30 दिवस, आणि आयोगाने दिले तर आणखी 15. छेचाळिसाव्या दिवशी आयोगालाही ते घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने 4 मार्च 2020 ला ठरवलं आहे. दिवस मोजायचे ते तक्रारीच्या प्रतीसह नोटीस मिळाल्यापासून. म्हणून पक्षकाराकडून नोटिशीचं पाकीट मागून घ्या आणि पोस्टाचा शिक्का बघा. पाकिटात प्रत नसेल तर ते पहिल्याच तारखेला अर्ज देऊन नोंदवा. मुदत उलटलीच, तर कायद्याचे मुद्दे आणि तक्रारदाराच्याच कागदांतल्या उणिवा, एवढ्यावरच युक्तिवाद उभा करावा लागतो.