व्होल्टेज कमी, मग करंट जास्त कसा?

प्रश्न : विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोटर आहे. रात्रपाळीला ४१० व्होल्ट मिळतात तेव्हा ती ८ अँपिअर घेते. दिवसा सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की माझ्या स्टार्टरवर ३४० व्होल्टच उरतात आणि मीटर साडेनऊ अँपिअर दाखवतं. मुलगा दहावीला आहे. तो म्हणतो, ओहमच्या नियमाने व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी व्हायला हवा. त्याने मल्टिमीटरने वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची वेटोळी) मोजलं, ४ ओहम आलं. त्या हिशेबाने तर १०० अँपिअर व्हायला हवेत! यंदा मोटर जळाली म्हणून वाइंडिंग दोनदा नव्याने भरून आणलं. नेमकं चुकतंय कुठे?

उत्तर : मुलाचा नियम बरोबर आहे, दादा. त्याने तो लावला मात्र चुकीच्या जागी. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम आणि व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हा सरळ हिशेब हीटरला, इस्त्रीला, पिवळ्या बल्बला लागू पडतो. फिरती मोटर त्यांच्यासारखी वागत नाही. ती फिरायला लागली की तिच्या आतच येणाऱ्या विजेला अडवणारा उलटा दाब तयार होतो, आणि १०० चे ८ अँपिअर त्यामुळेच होतात. मोटर सुरू होताना हा दाब नसतो, म्हणून क्षणभर ती पाच-सहापट करंट ओढते आणि शेजारच्या घरातला दिवा मिचमिचतो. पंपात गाळ अडकून मोटर जागीच थांबली तर तेवढा करंट वाहतच राहतो. मग मोटर जळायला काही मिनिटं पुरतात.

आता तुमचेच आकडे घेऊ. थ्री फेजला १.७३२ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर असं सूत्र आहे. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरा कामाला येणारा भाग. तो ०.८ धरला तर रात्री साधारण ४,५५० वॅट येतात आणि दिवसा ४,४७५. म्हणजे जवळपास तेवढेच! एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा ५ एचपीचे ३,७३० होतात; त्याहून जास्तीचे वॅट मोटरच्या आत उष्णतेत आणि घर्षणात जातात. पाणी तेवढंच उचलायचं आहे, उंचीही तीच आहे, त्यामुळे मोटर काम सोडत नाही. व्होल्टमध्ये जे कमी पडलं, ते ती अँपिअरमध्ये भरून काढते.

वाइंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. आठाचा वर्ग ६४, साडेनऊचा ९०. करंट दीड अँपिअरने वाढला, पण तांब्यातली उष्णता चाळीस टक्के चढली. मोटर दोनदा भरावी लागली ती इथे. शेतीपंपाला साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे खरं, पण मोटर भरायचा खर्च कुणी माफ करत नाही.

दोष सगळा लाइनचाच आहे का? तुम्ही फोनवर सांगितलंत की मोटर चालू असताना मीटरपेटीत ३६९ व्होल्ट असतात आणि ३०० मीटर लांब विहिरीवर ३४०. मधले २९ व्होल्ट तुमच्याच केबलने खाल्ले! ओहमचा नियम लावायची खरी जागा हीच. २९ ला १.७३२ ने, मग साडेनऊ अँपिअरने आणि शेवटी ०.८ ने भागा. एका तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २.२ ओहम येतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम असतो, ३०० मीटरला २.२. म्हणजे हिशेब जुळला. केबल खराब नाही, बारीक आहे. तीन तारांत मिळून सुमारे ६०० वॅट नुसते तापण्यात जातात, आठ तासांत जवळजवळ पावणेपाच युनिट.

६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली तर घट १२ व्होल्टवर येईल आणि विहिरीवर ३५७ च्या आसपास मिळतील. ॲल्युमिनियम घेणार असाल तर त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणून १० ची घ्या. तरीही ३५७ म्हणजे पुरेसे नाहीत. मोटरच्या पाटीवर ४१५ लिहिलं असेल तर ३७० च्या खाली ती फार वेळ चालवू नये. तेवढ्यासाठी डीपीवरच्या (तुमच्या भागाच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) जादा लोडबद्दल वीज कंपनीकडे अर्ज द्याच आणि सोबत दिवसाचे-रात्रीचे आकडे जोडा. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा (हे त्याचं माप) कॅपॅसिटर बसवतात. तो स्टार्टरवर जोडला की लाइनमधला करंट कमी होतो. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तर फरक दिसतो, एकट्याने बसवून फारसा नाही. आणि मोटर आपोआप सुरू करणारे ते ऑटो स्विच काढा बुवा. लाइट आली की चाळीस मोटरी एकदम उठतात, मग फ्यूज उडणार नाही तर काय होणार?

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) पाटीवरच्या अँपिअरवरच ठेवा. ट्रिप होतो म्हणून काटा पुढे सरकवला की मोटर भरणाऱ्याचं दुकान चालतं. एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांत पावणेदोनपट करंट येतो, उष्णता तिप्पट होते. तेव्हा सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारा) बायपास केलेला असेल तर आजच परत जोडून घ्या.

प्रश्न : केबलचा जॉइंट गरम होऊन टेप वितळते. जाड टेप लावू का?

उत्तर : नको, आत उष्णता कोंडेल. वायरमनकडून चालू मोटरवर जॉइंटच्या दोन टोकांतलं व्होल्टेज मोजून घ्या. स्वतः हात घालू नका. ४ व्होल्ट आले आणि करंट साडेनऊ अँपिअर असेल तर रोध ०.४ ओहमच्या वर, आणि ४ गुणिले साडेनऊ म्हणजे ३८ वॅट. डाग द्यायची छोटी सोल्डरिंगची सळई साधारण एवढ्याच वॅटची असते, इथे ती टेपमध्ये गुंडाळून ठेवल्यासारखं आहे. चांगल्या जॉइंटवर हे व्होल्टेज जवळपास शून्य दिसतं. पुरवठा पूर्ण बंद करून जॉइंट कापा, तार घासून चकचकीत करा आणि योग्य मापाची स्लीव्ह (तारा जोडायची धातूची नळी) दाबयंत्राने दाबून घ्या. एका बाजूला तांबं आणि दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असेल तर नुसता पीळ देऊ नका, दोन्ही धातूंसाठीची वेगळी स्लीव्ह मिळते, तीच मागा.